फौजदाराला धरण्याची रीत

ता. ३
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फौजदार कोंबड्याने पुन्हा तुझी पोटरी फाडली, हे तू एका ओळीत लिहिलंस. बाबा त्यावर तासभर बोलले. रविवारी येऊन ते कोंबडा कापणार, खुराडं मोडणार आणि तुला कायमचं इथे मागच्या खोलीत आणणार. साखरेचा आजार असताना जखमा परवडत नाहीत, हे त्यांचं खरं आहे. मागच्या खोलीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तू ढालीसारखी बादली पुढे धरून आत जातेस. ते बंद कर. बादली दिसली की त्याला वाटतं, भांडण ठरलंय. दुपारी खुराड्याला पोती लावून अंधार कर. पाठलाग नको. मागून जाड टॉवेल टाक, दोन्ही पंख अंगाशी धरून उचल, पाय बोटांत पकड. छाती मात्र आवळू नकोस. ती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. पायांमागच्या काट्यांची फक्त टोकं कानशीने बोथट कर.

तब्येतीचं खरं खरं कळव.
तुझी भाची

ता. ११
चि. इंजिनीअरबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या दिवशी टॉवेल माझ्याच डोक्यावर पडला. दुसऱ्या दिवशी फौजदार सापडला, पण भीतीने मी त्याला असा आवळला की चोच उघडी, डोळे मिटायला लागले. तुझं वाक्य आठवलं. हात सैल केले, सोडले नाहीत. थोडा वेळ आम्ही दोघांनी नुसता श्वास घेतला. मग काटे घासले.

रविवारी दादा सुरी घेऊनच आला. मी फौजदाराला त्याच्या हातात दिला. त्यानेही आवळला. म्हटलं, जीव जाईल त्याचा, सैल धर. तर म्हणे, सैल धरलं की हातचा जातो. मी त्याची बोटं छातीवरून काढून पंखांवर ठेवली. फौजदार निवांत झाला. दादाने त्याला परत खुराड्यात सोडला. निघताना एवढंच म्हणाला, की दर आठवड्याला डॉक्टरला पाय दाखवायचा. मी कबूल केलं. सुरी इथेच विसरलाय. भाजीला बरी आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आत्या

ता. १५
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबांनी काल मागच्या खोलीतली खाट भिंतीला टेकवून उभी करून ठेवली.

डॉक्टरला तुझा पाय दाखवल्याचं तू लिहिलेलं नाहीस. शनिवारी मी येते, तेव्हा बघेन.

त्या खोलीबद्दल मी काही म्हटलं नव्हतं. तू येशील म्हणून ती झाडून, खिडकीला नवी कडी मीच लावली होती.

तुझी भाची