जिपारला पाजलेला कुमिस

शार्शे,

या जगात बुरशीइतकी चिवट गोष्ट दुसरी नाही, असं मी आजवर मानत होतो. मग नारिनहून तू आलास.

जिपारला पुन्हा ताप भरलाय. तिला घेऊन इस्पितळात चाललोय. तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. उठवलं असतं तर माझा हात उचलला गेला असता.

तुला किती वेळा सांगितलं? केमोने पोरीच्या अंगातले सगळे शिपाई घरी पाठवलेत. फुप्फुसात बुरशी शिरलीय, म्हणून केमो थांबवून आधी रोज इस्पितळात नेऊन बुरशीवरच्या औषधाचं सलाइन देतोय. आंबवलेलं काही देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि तू कातडी बुधल्यातला कुमिस पाजलास! "आपल्या घोडीचं दूध आहे, यानं कधी कुणाचं वाईट झालंय?" म्हणे. काकाने पुढे केलेला वाडगा आपल्यात परत कोण करतं? तू तिच्या तोंडाकडे बघत बसलास, आणि पोरगी मुकाट्याने प्यायली.

बुधला घराबाहेर काढ. तिच्या खोलीतला गालिचा झटकू नकोस, धुळीतही बुरशी असते. उरलेला कुमिस तूच पी आणि पिताना लाज वाटू दे.

निघताना ती म्हणाली, "बाबा, काकांना ओरडू नका हं." म्हणून हे लिहून ठेवलं.

इस्पितळात येताना माझे दात तेवढे शोधून आण. त्यांच्याशिवाय मला नीट ओरडता येत नाही.

एसेन