दुसऱ्या माणसाला बोलवा

६ जानेवारी

दुसऱ्या मजल्यावरच्या मदतनीस बायांनो, दोघींचं काम एकीकडून करून घेतात आणि वर शाबासकी देतात! — युनियनच्या सभेत माझ्या या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. नर्सच्या परवान्याच्या परीक्षेत मात्र त्याच शाबासकीनं मला नोव्हेंबरात पाडलं. टोलेडोच्या या शुश्रूषागृहात एकोणीस वर्षं म्हाताऱ्यांचं सगळं केलं, म्हणून उत्तरं अनुभवानं दिली. तीच चुकली! पुन्हा ११ फेब्रुवारीला बसतेय. या वेळी परवाना घेऊनच येणार.

९ जानेवारी

शिकवणीच्या कोवाल्चिक बाईंनी दुखणं बरोबर पकडलं. प्रश्न होता — अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना उचलायच्या यंत्रानं खुर्चीत बसवायचंय, आधी काय कराल? मी म्हटलं, पट्टे तपासून उचलेन. रोज तेच करते.

"ओडेल, आधी दुसऱ्या माणसाला बोलवायचं. पुस्तकातल्या इस्पितळात माणसं कमी नसतात."

जन्मभर वाचनालयं पालथी घातली, इतकी भन्नाट कादंबरी कुठं वाचली नाही!

१७ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत व्हर्लीन मला कार्डांवरचे प्रश्न विचारते. ती मजल्यावर एकतीस वर्षं मदतनीस आहे. कमरेला कायमचा पट्टा. पुस्तकातल्या इस्पितळाची गोष्ट सांगितली, तर मक्याचा ब्रेड मोडत म्हणाली, "पत्ता दे त्याचा. उद्याच अर्ज टाकते." हसता हसता माझी कॉफी सांडली.

सरावात शंभरात अठ्ठावन्न. वाढतायत!

२५ जानेवारी

एकाहत्तर!!

१ फेब्रुवारी

यंत्राचं कार्ड आज पुन्हा निघालं. मी बरोबर उत्तर दिलं. व्हर्लीननं कार्ड उलटून मागचं उत्तर पुन्हा वाचलं.

"म्हणजे बरोबर उत्तर माझी पाठ वाचवणारं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच कमी पडते."

मूर्ख मी! ज्याला कादंबरी म्हणून हसले, तो नियम आहे. तो घोकवून परवाना देतात आणि कामावर आलं की विसरायला लावतात! आजपासून उत्तरं पाठ करणं बंद. आता ती मला पटलीत.

चौऱ्याऐंशी.

११ फेब्रुवारी

परीक्षाकेंद्रात तळहाताचा ठसा घेतला, खिसे उलटे करायला लावले. इथे कधी थांबायचं ते संगणक ठरवतो — पास किंवा नापास, त्याची खात्री पटली की बंद. निदान पंच्याऐंशी प्रश्न तरी विचारतो. माझा पंच्याऐंशीलाच बंद पडला! गाडीत बसून काच वर केली आणि अख्खं भाषण ठोकलं, श्रोता एकही नाही. तेवढ्यात व्हर्लीनचा फोन. रडतेस की गातेस, म्हणाली. दोन्ही, म्हटलं.

१३ फेब्रुवारी

पास! पास! पास!

व्हर्लीननं घरून भट्टीतलं पीचचं गोड, कॉब्लर, आणलं. मला सर्वांत मोठा वाटा वाढून म्हणाली, "आता तुला मॅडम म्हणायचं का गं?"

३ मार्च

नर्स म्हणून पहिली पाळी. हजेरीच्या कागदावर चार मदतनिसांची नावं, मजल्यावर दोघीच. त्यातली एक व्हर्लीन. खाली नर्सची सही लागते. व्यवस्थापकांनी पेन पुढे केलं. सगळ्याच करतात, म्हणाले.

पेन घेतलं. सहीच्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं — दुसऱ्या माणसाला बोलवा.