पहिली पाच मिनिटं

प्रिय टिटवे,

या नावाने तुला हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, आणि मी मारावी असा माझा काही हक्क नाही. पण तुझं शाळेतलं नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. तुझ्या आईकडून ऐकलं ते तुमच्या भाषेतलं लाडाचं नाव. अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली होती, टिटवी. काडीसारखे पाय आणि गावभर ओरडा. तेव्हा रागावू नकोस. गेल्या रविवारी तुझ्या आईच्या शोकसभेत मी अगदी शेवटी, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. तुझं लक्ष जायचं काही कारणच नव्हतं. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, सतरा भरल्या होत्या. मोजायची खोड आहे मला, जन्म मिनिटं मोजण्यात गेला. दोन पुढारी तेच तेच बोलले, एकाने तर तिच्या मतदारसंघाचं नावही चुकीचं घेतलं. मग तुला बोलावलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बोलायची वेळ आली तेव्हा आई डोंगर खणणाऱ्यांच्या बाजूने बोलली. त्यापुढे मला काही बोलायचं नाही." आणि खाली बसलीस. मी अर्धी उठले गं, आणि परत बसले. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्या दिवशी दोष गुडघ्यांचा नव्हता.

मी कोण ते आधी सांगते. विधानसभेच्या सभागृहात अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशी एक टेबल असतं. तिथे शॉर्टहँड घेणारे पाळीपाळीने येऊन बसतात. पाच मिनिटं एकाने घ्यायचं, मग दुसरा येऊन बसला की पहिल्याने उठून वर जायचं आणि घेतलेलं टाइप करायचं. एकतीस वर्षं मी तेच केलं. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, जांभई आली तर गिळायची. लोक एकमेकांची उणीदुणी काढत असायचे आणि आम्ही मख्खासारखे खाली मान घालून ते लिहून घ्यायचो. माझी एक शेजारीण म्हणायची, तुझं बरं आहे, तुला मत नसलं तरी पगार मिळतो. तेव्हा मी हसायचे.

तुझी आई निवडून आली ते वर्ष मला चांगलं आठवतं. जागा तुमच्या आदिवासी समाजासाठी राखीव झाली होती, आणि पक्षाला हवी होती फार न बोलणारी बाई. कोणीतरी सांगितलं, डोंगराकडे एक सुईण आहे, विधवा आहे, सगळे मान देतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. झालं, दिली उमेदवारी. ती स्वतःच सांगायची, निम्मा मतदारसंघ माझ्या हातावर जन्मलाय, पण ती कार्टी अजून मत द्यायच्या वयाची नव्हती, म्हणून थोडक्यात निवडून आले! पहिल्या दिवशी ती थेट आमच्या टेबलाशी येऊन बसली. बाकीच्या सगळ्या रांगा चढत्या, ही एकच खुर्ची जमिनीला लागून, म्हणून तिला वाटलं नव्या माणसाने इथेच बसायचं असतं. मी हळूच उठवलं, तिची जागा दाखवली. दुपारी ती मला शोधत आमच्या खोलीत आली, हातात दोन पेरू घेऊन. माझी वही बघून म्हणाली, ही कसली नक्षी? मी म्हटलं, ही अक्षरं नव्हेत, हे नुसते आवाज. जे कानावर पडेल ते उतरवायचं, अर्थ कळला नाही तरी चालतं. तिला ते खरं वाटेना. तुमच्या भाषेत एक लांबलचक वाक्य म्हणाली आणि माझ्याकडे रोखून बघत राहिली. मी लिहिलं, परत वाचून दाखवलं. ती हसता हसता खाली बसली, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. तीनदा वाचायला लावलं. काय वाक्य होतं ते मला आजही ठाऊक नाही, पण नक्की काहीतरी चावट असणार. त्या दिवसापासून मी तिची पेन्सिलवाली झाले.

आमची भाषा ती बाजारात आणि दवाखान्यात शिकली होती. तोडकीमोडकी, पण बोलायची ठसक्यात. वाचता मात्र येत नव्हतं, सही तेवढी यायची. त्यामुळे येईल तो कागद घेऊन ती माझ्याकडे यायची. मी वाचायचे, ती डोळे मिटून ऐकायची, मग सही करायची. पक्षाने तिला एक चिटणीस दिला होता, त्याच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तो वाचताना घसा फार खाकरतो, म्हणायची. आणि दर शनिवारी दुपारी ती तुला वसतिगृहात फोन करायची तोही आमच्याच खोलीतून, कारण बाहेरच्या फोनवर रांग असायची आणि रांगेतले कान टवकारून ऐकत उभे राहायचे. फोनवर तिचा आवाजच बदलायचा. एरवी सभागृहात दबून बसणारी बाई तिथे खदखदा हसायची, रागवायची, गाण्याची ओळ म्हणायची. मी टाइप करत असायचे, अर्थ काहीच कळत नसायचा, पण तुझं नाव तेवढं कळायचं. एकदा तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तू म्हणालीस, मावशी, आई नीट जेवते ना? बारा वर्षांची असशील. तुझा आवाज मी विसरले नाही.

चार वर्षांनी तो प्रस्ताव आला. तुमच्या गावामागचा डोंगर खाणीला द्यायचा. पक्षाचे प्रतोद, म्हणजे कोणी काय बोलायचं नि कधी हात वर करायचा हे ठरवणारे गृहस्थ, त्यांनी सकाळी तिला एक कागद दिला. चार ओळी, पाठिंब्याच्या. दोन मिनिटांत पाठ करून म्हणा, म्हणाले. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचला. तिने तो परत वाचायला सांगितला नाही. घडी घालून कमरेला खोचला आणि म्हणाली, पेन्सिलवाली, आज तुझी पाळी कधी आहे?

तिचं नाव पुकारायला आणि मी टेबलाशी जाऊन बसायला एकच गाठ पडली. ती उभी राहिली. कागद कमरेलाच होता. आणि तिने तुमच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. आधी मागच्या रांगेतले खिदळले. अध्यक्षांनी घंटेवर हात ठेवला, पण वाजवायची का, हे त्यांना ठरवता येईना. ती काय बोलते हेच कोणाला कळत नव्हतं तर थांबवणार कशावरून? मग हसणं हळूहळू विरलं. आवाज चढला नाही तिचा, पण फोनवरच्यासारखा झाला होता. आमच्या कामाचा रिवाज असा की न समजणारी भाषा आली की पेन्सिल खाली ठेवायची आणि कंसात एक ओळ टाकायची. पण माझा हात थांबला नाही. आवाज कानावर पडत होते आणि हात ते उतरवत होता. पाच मिनिटं झाली, पुढचा सहकारी येऊन बसला. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि छताकडे बघत राहिला. ती आणखी चार मिनिटं बोलली. ती चार मिनिटं आता कुठेच नाहीत. नंतर तोंडी मतदान झालं, होय म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता, आणि डोंगर गेला.

छापील वृत्तान्तात त्या नऊ मिनिटांची एक ओळ झाली. ती तुला पाठ असणार: माननीय सदस्यांनी आपल्या भाषेत प्रस्तावाला पाठिंबा दिला. मसुद्यावर खाली तिची सही होती. सहीच्या त्या पानाच्या प्रती काढून कोणी वाटल्या, कोणी तुमच्या गावातल्या घराघरांत पोचवल्या, ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. ती गावी गेली, शपथा घेऊन सांगू लागली, मी असं बोलले नाही. तिच्या सख्ख्या भावाने, तुझ्या मामाने, कागद पुढे धरला आणि विचारलं, मग ही सही कोणाची? तू तेव्हा सोळा वर्षांची. सुट्ट्यांत तुला मामाने आपल्याकडे ठेवून घेतलं आणि वसतिगृहात तू फोनवर यायची बंद झालीस. तरी तिचा शनिवार चुकला नाही. वॉर्डनबाई सांगायच्या, मुलगी अभ्यासात आहे. ती बरं म्हणायची, आणि फोन बंद झाल्यावरही रिसीव्हर थोडा वेळ कानालाच धरून बसायची. मी त्याच खोलीत असायचे गं. चार हातांवर. टाइप करत असायचे.

पुढे तिला उपमंत्री केलं, आणि सगळ्यांची खात्रीच पटली की हा डोंगराचा मोबदला. तिने ते का घेतलं म्हणशील तर तिला वाटलं होतं, आत राहिले तर खाण थांबवता येईल. खातं कोणतं दिलं, तर वस्तुसंग्रहालयांचं. आमच्या टोपल्या काचेत ठेवायचं खातं, म्हणाली होती ती, आणि हसली नव्हती. दीड वर्षाने तेही गेलं, पुढच्या निवडणुकीत कोणी विचारलंही नाही. गावात तिला दार नव्हतं. म्हणून तिने सरकारी दवाखान्यामागे दोन खोल्या घेतल्या. रोज सकाळी उठून प्रसूतीच्या वॉर्डात जायची आणि ज्या बायकांबरोबर कोणी आलेलं नाही त्यांचा हात धरून बसायची. तू नर्स झालीस हे तिला कोणाकडून तरी कळलं, तेव्हा तिने वॉर्डातल्या सगळ्यांना सांगितलं म्हणे. हे मला तिथल्या आयाने सांगितलं. मी स्वतः तिला भेटायला कधी गेले नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत दोनदा गेले होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते, नाहीतर पुन्हा अर्धी उठून बसेन. ती ओळ मी टाइप केली होती. प्रतोद येऊन उभे होते, आमच्या मुख्यांनी सांगितलं असं असं लिही, आणि मी लिहिलं. माझ्या बढतीचा कागद त्या महिन्यात त्याच मुख्यांच्या टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी तुझी आई मसुदा तपासायला आली. प्रत्येक सदस्याला तो हक्क असतो, छापण्याआधी आपलं बोलणं बघून चूक दुरुस्त करायचा. तिने कागद नेहमीप्रमाणे माझ्यापुढे ठेवला आणि डोळे मिटले. मुख्य माझ्या मागेच उभे होते. मी वाचलं: माननीय सदस्यांनी आपल्या भाषेत भाषण केले. एवढंच. प्रस्ताव नाही, पाठिंबा नाही. मी घसा खाकरला नाही, म्हणून तिने सही केली. महिन्याभराने गावाहून परतली ती सरळ माझ्याकडे आली. भांडली नाही. इतकंच विचारलं, "ती नक्षीची वही आहे का गं?" मी म्हटलं, वह्या रद्दीत जातात. तिने मान हलवली. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात पहिलीचं पुस्तक दिसलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी. माझं नाव तिने कोणापाशी घेतलं नाही. घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि तिची मुलगी तिला राहिली असती. वही रद्दीत गेली नव्हती. चोवीस वर्षं ती माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी आहे. या आठवड्यात मी त्या पहिल्या पाच मिनिटांची पानं साध्या अक्षरांत उतरवली, जसे आवाज होते तसे, आणि या पत्रासोबत वहीही पाठवते आहे. तिच्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, एक शब्दही कळत नाही. फक्त तुझं नाव तीन ठिकाणी आहे, तिथे मी खूण केली आहे. तू ती भाषा तिच्या मांडीवर शिकलीस. मोठ्याने वाच, म्हणजे ऐकू येईल, मामालाही ऐकव. मला क्षमा करू नकोस, अर्थही कळवू नकोस. फक्त एखादा आवाज माझ्या हातून चुकला असेल, तर तो तेवढा दुरुस्त कर. तुझ्या आईला मी ते करू दिलं नाही.

तुझीच,
पेन्सिलवाली