निरोगी माणसं मिळत नाहीत

३ मार्च
आजपासून निरोगी माणसांचं रक्त गोळा करायचं. तब्येत ठणठणीत असताना रक्तात इंटरल्यूकिन (अंगात सूज असली की वाढणारं प्रथिन) किती असतं, त्याची रेंज ठरवायची. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, ज्याचं काम चोख त्याचं नाव रिसर्च पेपरवर पहिलं. म्हणजे माझं. शाळेच्या आधी बाबांनी घरीच अंक शिकवले, तेही तीनतीनदा तपासून.
संकल्प: कोणावर चिडायचं नाही.

५ मार्च
माझा सहकारी (मनात मी त्याला धावपळे म्हणते) रक्त काढलं की नळी घेऊन पळत सुटतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, गोठवली, संपलं. माणसाची विचारपूस शून्य. मी सकाळी रक्त काढते आणि दुपारपर्यंत सविस्तर मुलाखत घेते. नळी समोर टेबलावर असते. स्वतःचं रक्त बघत खोटं बोलणं जड जातं.

१० मार्च
आकडे आले. माझ्या सगळ्यांचं इंटरल्यूकिन वाढलेलं. आत सूज दडलेली, आणि तोंड वर करून सांगतात, आम्ही धडधाकट. जिमचा मास्तर सगळ्यांच्या वर. फोन करून विचारलं, काय लपवताय. तो म्हणाला, ताई, मी तुमचं काय घोडं मारलंय? चोराच्या मनात चांदणं.
मुलाखत आणखी वाढवली.

१४ मार्च
धावपळेचे झाडून सगळे नॉर्मल. माणसं हेरून आणतो. तसं त्याला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, दुपारपर्यंत तुमच्यासमोर बसलं तर मेलेल्यालाही ताप भरेल. सगळे हसले. मी चिडले नाही. त्याचा कप सिंकमध्ये फुटला, कारण तो निसरडा होता.

१८ मार्च
आईलाच आणलं. तिला साधी शिंक माहीत नाही. आकडा गगनाला भिडला. विचारलं, माझ्यापासून काय लपवतेस? ती म्हणाली, लपवायला तू घरात जागा ठेवली आहेस का? दादा म्हणतो, म्हातारीला उगाच घाबरवलंस. आता तोही संशयित.

२१ मार्च
स्वतःचं रक्त दिलं. नळी धावपळेच्या हातातून काढून घेतली. मग स्वतःची मुलाखत लिहायला बसले. स्वतःला सवलत नाही. संध्याकाळ झाली.

२४ मार्च
मी मास्तरच्याही वर. दादाला सांगितलं, माझ्यामागे माझं कपाट कोणी उघडायचं नाही.
दुपारी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, नळीतल्या पेशी जिवंत असतात, ताटकळत ठेवल्या की स्वतःच इंटरल्यूकिन सोडत बसतात. आजारी कोणीच नव्हतं, नळ्या शिळ्या होत्या. माझ्या सगळ्या नळ्या कचऱ्यात. मी म्हटलं, मुलाखत संपेपर्यंत पेशींनी दम धरायला हवा होता.

२८ मार्च
धावपळेने आईचं आणि माझं रक्त पुन्हा काढलं आणि पळाला. दोघी नॉर्मल. आई म्हणाली, किती गुणी मुलगा.
पेपरवर पहिलं नाव त्याचं. मीही आहे म्हणे पेपरात, निरोगी माणसांमध्ये. त्यांची नावं छापत नाहीत.