म्हशीचं नाव तेच

४ जुलै १९९९
कुलगुरूपदाचं आद्य दुःख: स्वतःची बॅग स्वतः उचलता येत नाही. शिपाई ती आधीच गाडीत नेऊन ठेवतो. चष्मा बॅगेत, मी कचेरीत. आज विनाचष्मा सह्या. सही या क्रियेस दृष्टी लागत नाही, हा अर्थशास्त्रातला माझा नवा सिद्धांत. हिला सांगितला. म्हणाली, "चष्मा असताना तरी कुठं वाचता?"

९ जुलै
सुजाता कांबळेचा तक्रार अर्ज. माझीच एम.फिल.ची विद्यार्थिनी, मलकापूरची. दूध घालणाऱ्या बायकांवरचं तिचं प्रकरण नलवड्यांच्या पीएच.डी. प्रबंधात जसंच्या तसं, म्हणते. नलवडेही माझेच विद्यार्थी, आता प्राचार्य. दोन्हीकडे मार्गदर्शक म्हणून सही माझी.

१० जुलै
दोन्ही प्रबंध शेजारी ठेवून वाचले. नलवड्यांनी गाव बदलून मलकापूरचं बिद्री केलंय. म्हशीचं नाव बदलायचं राहिलं. दोन्हीकडे चंपी.
बाहेरच्या तिघांची समिती नेमली.

१३ जुलै
नलवडे घरी, पेढे घेऊन. "सर, तिचा प्रबंध तुम्हीच दिलता की मला. असं लिही म्हणून."
खरं आहे. तेव्हा या पदासाठी माझं नाव चाललं होतं. शिकवायला सवड नव्हती. एकीचं काम दुसऱ्यापुढं नमुना म्हणून सरकवलं.
"समितीला मी सांगितलंय, माझाच कच्चा मसुदा तिच्याकडं होता. तुम्ही फक्त आठवत न्हाय म्हणा."
पेढे परत करायला हवे होते. केले नाहीत.

१९ जुलै
सुजाता वडिलांना घेऊन आली. वडील म्हणाले, "पोरगीनं वाड्यावस्त्या पायी हिंडून लिवलंय, सायेब. आता नोकरी मागाय गेली की तिलाच इचारत्यात, कुणाचं उतरून काढलंस?"
म्हटलं, समिती बघेल.
"समितीला काय ठावं? तुमी वाचलंय की दोन्ही."
मान हलवली. हो की नाही, त्यांनी आपल्या परीनं घेतलं असेल.

२६ जुलै
उद्या समितीपुढं माझी साक्ष, सुजाता आणि तिचे वडीलही असणार. प्रबंध कोणी कोणाला दिला, हे माझ्या आणि नलवड्यांखेरीज कोणाला माहीत नाही. सांगितलं तर पद जाईल. हिला विचारलं. "बंगला मोठाच आहे, झाडून कंबर जाते," एवढंच म्हणाली.
पद जाण्याची भीती आहे, नाही कशी. पण पुढचा प्रश्न येणारच: सही करताना दोन्ही वाचूनही तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?
सही करताना वाचलेच नव्हते. एकही नाही. तेव्हा बॅग माझी मीच उचलत होतो, चष्मा नाकावर होता.
हे त्या पोरीसमोर, तिच्या वडिलांसमोर माझ्या तोंडून निघेल का, कळत नाही.