गोळीच्या आधीचा चहा

डोंगरकडा,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्योतीस,
ताईचा सप्रेम जयभीम.

इकडं समदे बरे हायत. हरभरा पेरून झाला. आईचे गुडघे दुखून राहिले म्हणं, तिला तुझ्याकडंच ठेवून घे थोडे दिवस.

तुझे दाजी परत बिडी ओढून राहिले. पंधरा दिवस कसेबसे काढले, अन् आता म्हणतात, "ज्योतीच्या गोळ्यांत काही दम न्हाई." खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं.

चिडू नको, पुढं वाच.

बावीस वर्षं मी 'बिडी सोडा' म्हणून घसा कोरडा केला. रडले, बंडलं चुलीत घातली, माहेरी येऊन बसले. तू हिंगोलीच्या दवाखान्यात लोकांचं व्यसन सोडवायला बसलीस, एक डाव बोललीस, बिडीच्या जागी चघळायच्या निकोटीनच्या गोळ्या दिल्यास, अन् या माणसानं बंडल फेकून दिलं! वरून उठता-बसता 'ज्योती म्हणती'. ज्योती म्हणती पाणी प्या, ज्योती म्हणती तलफ पाच मिनिटांत जाती. अगं, मी काय घरात मुकी व्हते? लहानपणापासून हुशार तू, गोरी तू, अन् आता माझा नवराबी तुझंच ऐकणार!

तू फोनवर बजावलं व्हतं, गोळीच्या आधी पाव घंटा चहा द्यायचा न्हाई, चहानं गोळी लागू पडत न्हाई. गोळी सारखी चावायची न्हाई, तिखट लागली की गालात धरायची. मी बराबर ऐकलं, अन् त्यांना सांगितलंच न्हाई. उलट दर गोळीच्या आधी कपभर चहा दिला, आग्रह करून. हे खुश. म्हणले, "राणी, लई लाड करून राहिली!" मग गोळी कचाकचा चावायची. उचक्या, छातीत जळजळ, तलफ तशीच.

परवा शेतात खोकता खोकता खालीच बसले. ओठ निळे पडले. मी पाठ चोळत व्हते, अन् माझ्याच तोंडून निघालं, "ज्योतीला फोन लावू का?"

ज्योती, मी भ्याले गं.

गोळी नको तर अंगाला चिकटवायची पट्टी हाय, दुसरं औषध हाय, असं तू म्हणली व्हतीस. मंगळवारी त्यांना घेऊन येते. आधी वाटलं, तू मला सांगावं अन् मी त्यांना. एकदा तरी माझ्या शब्दानं बिडी सुटावी. पण नको, तूच बोल. मी बाहेर बाकड्यावर बसते.

चहाचं मात्र तू सांगू नको. तेवढं त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
राणीताई