तुमच्या तोंडानं सांगा

१२ जानेवारी, रविवार. सकाळी कपडे धुतले. नंतर अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखती कागदावर उतरवत बसले.

आबा, जालन्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी एक अभ्यास करते आहे. लोक आपले निरोप, अर्ज, माफीनामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कसे लिहून घेतात, त्याचा. काय म्हणायचंय ते मोबाइलवर सांगायचं, यंत्र नीट मजकूर करून देतं. तुम्ही अंबडला तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसायचात, त्यातलंच हे काम. फक्त तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवायचात आणि म्हणायचात, "आता तुमच्या तोंडानं सांगा." समोरच्याला सांगता आलं नाही तर कागद फाडायचात.

मी नववीत असताना वडीगोद्रीची एक बाई आली होती. भावाशी अबोला होता, त्याला पत्र धाडायचं होतं. तुम्ही मला लिहायला बसवलंत. मी मन लावून लिहिलं. तुम्ही वाचून दाखवता आहात, बाई डोळे पुसत ऐकते आहे, आणि शेवटी म्हणते, "लई चांगलं लिव्हलं माय. पण मी कव्हा अशी बोलले? त्याला वाटंल, ही दुसरीच कोणी बहीण हाय." तुम्ही कागद फाडलात. "ती रडून राह्यली अन् तू निबंध लिहून राह्यलीस," एवढंच म्हणालात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पत्र तिच्या शब्दांत गेलं: गाय व्याली, खरवस खायला ये.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. दवाखान्यात दादा एकटाच तुमच्यापाशी होता. मी परीक्षेचं सांगून पुण्यातच राहिले. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. परवा मी त्याची माफी मागितली, तीही यंत्राकडून लिहून घेऊन. मजकुरात एकही चूक नव्हती. आज जेवताना त्याचं उत्तर आलं: "कोणी लिहून दिलं?" मुलाखतीत लोकांना हा प्रश्न मी विचारते.

मग मोबाइल पालथा ठेवला आणि तोच मजकूर माझ्या तोंडानं सांगून पाहिला. दुसऱ्या वाक्यालाच अडले. खरं असं आहे, आबा, की परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. मला येता आलं असतं. तुम्हाला तसं पडलेलं बघायची भीती वाटली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. पण आत्ता एकदा मोठ्यानं वाचलं, आणि शेवटचं, भीतीचं, तेवढं न बघता सांगता आलं. दादा शेतातून सहापर्यंत घरी येतो. मग फोन करीन. तोवर दोरीवरचे कपडे काढून घड्या करते.